अस्सल क्विटोकरांची सहल

माझा जन्म लाताकुंगाचा. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच कागदावर लिहितो आहे, तेव्हा अक्षर जरा हललं असेल तर सांभाळून घ्या. लाताकुंगा वाईट गाव आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. तिथली बिस्किटं चांगली, तळलेलं डुकराचं मांस त्याहून चांगलं, आणि डोक्यावर ज्वालामुखी बसलेला असतानाही तिथली माणसं दुपारी सुखानं घोरतात. पण क्विटोत नोकरी करायची, क्विटोत फ्लॅट घ्यायचा आणि वर लाताकुंगाचा म्हणवून घ्यायचं, म्हणजे लोकांच्या हातात आपणहून काठी देण्यासारखं आहे. आम्हाला इथे 'माश्का' म्हणतात. माश्का म्हणजे जवाचं भाजकं पीठ. आम्ही ते दुधातून खातो, पाण्यातून खातो आणि दोन्ही नसतील तर ठसका लागेपर्यंत कोरडंच खातो. मी रोज सकाळी खातो, पण स्वयंपाकघराचा पडदा ओढून.

एकोणीस वर्षांपूर्वी या इमारतीत राहायला आलो, तेव्हा सोसायटीच्या पहिल्याच सभेत कुणीतरी विचारलं, "तापियासाहेब, मूळचे कुठले आपण?" मी सहज म्हणालो, "आम्ही इथलेच. जुन्या शहरातले. सांतो दोमिंगोच्या चौकापासून दोन पावलांवर, लोमा ग्रांदेत जन्मलो." एवढ्यावर थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण ऐकणाऱ्यांचे चेहरे इतके उजळले की मी पुढच्या सभेत त्या घराला एक बाल्कनी जोडली. नाताळात बाल्कनीत जिरेनियमच्या कुंड्या ठेवल्या. पुढे पुढे एक सुईण आली, एक लंगडा पाद्री आला, आणि मी जन्मलो त्या क्षणी सात चर्चच्या घंटा वाजल्या. ही शेवटची गोष्ट माझ्या बायकोला, लिगियाला, अजिबात आवडली नाही. ती म्हणाली, "अहो, दोन पुरल्या असत्या."

लिगिया स्वतः माचाचीची. माचाची क्विटोपासून तासाभरावर आहे, म्हणून ती स्वतःला क्विटोचीच समजते. माझं गुपित तिला ठाऊक होतं. बाकी कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. भानगड एकच होती. आमच्या देशात ओळखपत्रावर जन्मस्थान छापतात, तेही चांगल्या ठळक अक्षरात. त्यामुळे गेली एकोणीस वर्षं मी ओळखपत्र काढताना अंगठा नेमका कुठे धरायचा याचा सराव करत आलो आहे.

आता चौथ्या मजल्यावरच्या वेलिंग्टन आविलेसबद्दल सांगितलं पाहिजे. हा गृहस्थ ग्वायाकिलचा. बंदरातली माणसं आम्हा डोंगरातल्या माणसांना काय समजतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि आम्ही त्यांना किनाऱ्यावरची माकडं म्हणतो तेही त्यांना माहीत आहे. वेलिंग्टन बावीस वर्षं क्विटोत राहतो आहे आणि बावीस वर्षं क्विटोला नावं ठेवतो आहे. इथली थंडी वाईट, चढ वाईट, सूप वाईट, मासे तर विचारूच नका. जून महिन्यातही गळ्याला मफलर गुंडाळून तो जिन्यात उभा राहायचा आणि मला बघितलं की म्हणायचा, "तापिया, तू इतका क्विटोकर आहेस की मला संशय येतो." हे वाक्य ऐकलं की माझी झोप जायची.

अशा परिस्थितीत नोव्हेंबरच्या सभेत पिएदादबाई उभ्या राहिल्या. पिएदादबाई म्हणजे आमच्या सोसायटीच्या चिटणीस. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण शिट्टी गळ्यातच राहिली.

"सहा डिसेंबरला आपल्या शहराचा वाढदिवस," त्या म्हणाल्या. "दरवर्षी आपण काय करतो? पत्ते खेळतो आणि भांडतो. जर्मनीची माणसं येऊन आपलं जुनं शहर बघून जातात, आणि आपण उत्तरेच्या टोकाला फ्लॅटमध्ये बसून राहतो. मी म्हणते, या वेळी एक दिवस सहल काढायची. जुनं क्विटो बघायचं. शेवटचं कधी गेला होतात तुम्ही तिकडे?"

"मागच्या वर्षी," औषधाच्या दुकानवाले येपेस म्हणाले. "बटणं आणायला."

"ते बघणं नव्हे. दाखवायला जाणकार माणूस हवा." आणि हे बोलून पिएदादबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. लिगियानं मात्र छताकडे बघितलं.

"वा!" वेलिंग्टन मागून ओरडला. "तापियाचं जन्मघरही बघू. बाल्कनीसकट."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी गुडघ्याचं कारण सांगितलं, तेव्हा तीन जणांनी तीन मलमं आणून दिली. बायकोच्या बहिणीचं आजारपण पुढे केलं, तेव्हा बायकोनं बहीण ठणठणीत असल्याचं भर सभेत सांगितलं. त्यानंतरचे पंधरा दिवस जो तो मला सल्ले देत होता. येपेस म्हणाले, छत्री न्या, कारण डिसेंबरात दुपारी पाऊस येतो. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, टोपी न्या, कारण डिसेंबरात दुपारी ऊन भाजतं. दोघांचंही खरं होतं. खिसेकापूंबद्दल तर एकेकानं इतकं सांगितलं की शेवटी असं ठरलं, बायकांनी मौल्यवान वस्तू पर्समध्ये पोटाशी धराव्यात आणि पुरुषांनी ओळखपत्रं मोज्यात ठेवावीत. माझं ओळखपत्र लिगियानं काढून घेतलं. म्हणाली, तुमच्या मोज्याला भोक आहे.

सहलीच्या शनिवारी सकाळी साडेआठला मिनीबस यायची होती. सव्वानऊला चिव्हा आली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, चिव्हा म्हणजे बाजूंनी उघडा, लालपिवळा रंगवलेला लाकडी बस-गाडा. वाढदिवसाच्या आठवड्यात तरुण पोरं तिच्यात बसून गावभर बोंबलत फिरतात. टपावर पितळी वाद्यांचा बँड असतो. आमच्याही टपावर होता. पाच जण होते आणि बसायच्या आधीच वाजवत होते.

"मिनीबस नादुरुस्त आहे," चालक म्हणाला. "त्याच भाड्यात ही. बँड फुकट."

"आम्हाला बँड नकोय," पिएदादबाई म्हणाल्या.

"बाई, दोन वाजेपर्यंत त्यांची बोली झालीय. वाजवलं नाही तर मालक त्यांना पैसे देणार नाही."

तर आम्ही चौदा सभ्य माणसं, सरासरी वय चौसष्ट, छत्र्या आणि टोप्या घेऊन ढोलाच्या तालावर शहराकडे निघालो. जुन्या शहराच्या वेशीवर पोलिसांनी रस्ते बंद केलेले होते, चिव्हा आत जाणार नव्हती. मी मनात म्हटलं, सुटलो, निदान बँड तरी गेला. पण बँडवाले टपावरून खाली उतरले, त्यांनी तोंडं पुसली आणि ते आमच्या मागे चालू लागले. तुतारीवाल्या म्हाताऱ्याला मी बाजूला घेऊन विनवलं. तो म्हणाला, "साहेब, आम्ही प्रामाणिक माणसं आहोत. दोन म्हणजे दोन."

पहिलंच ठिकाण सोन्यानं मढवलेलं चर्च. दारात तिकिटाची खिडकी आणि खिडकीवर पाटी: पासष्टीच्या वरच्यांना निम्मं तिकीट, ओळखपत्र दाखवावे. पिएदादबाईंनी शिट्टी फुंकली. "ओळखपत्रं काढा!"

मी दोन्ही हात पसरून खिडकीसमोर आडवा उभा राहिलो. "थांबा! आत काय बघायचंय? सोनं? सोनं परदेशी लोक बघतात. खरा क्विटोकर बाहेरची भिंत बघतो. हा दगड बघा. हा खांब बघा कसा पिळलाय!"

आता वेलिंग्टन बोलणार आणि माझी चामडी सोलली जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. वेलिंग्टन पुढे आला, त्यानं मफलर घट्ट केला आणि म्हणाला, "तापियाचं बरोबर आहे."

मला वाटलं उन्हामुळे मला भलतंच ऐकू येतं आहे. एकोणीस वर्षांत या माणसाच्या तोंडून हे तीन शब्द एका ओळीत बाहेर पडले नव्हते. "सोन्यात काय बघायचंय?" तो पुढे म्हणाला. "भिंतच बघू." मग आम्ही भिंत बघितली. बँडनं दोन गाणी वाजवली. मी काही तरी बोलत राहिलो, पण माझं लक्ष सगळं वेलिंग्टनकडे होतं. याचा काहीतरी डाव आहे, मला आणखी उंच चढवून मग ढकलणार आहे, एवढं मला कळत होतं. डाव काय ते कळत नव्हतं.

पुढच्या संग्रहालयातही तेच झालं. मी म्हणालो, "आत फोटोच आहेत, ते पुस्तकात मिळतात," आणि वेलिंग्टन म्हणाला, "स्वस्तात मिळतात." तिसऱ्या ठिकाणी तर माझ्याआधी तोच म्हणाला, "आत कोंदट असेल, माझ्या छातीला सोसणार नाही." अशा रीतीने अकरा वाजेपर्यंत आम्ही चार चर्च, दोन मठ आणि एक संग्रहालय बाहेरून बघितलं. येपेस म्हणाले, बटणं आणायला आलो होतो तेव्हा याहून जास्त आत गेलो होतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकाला दार नाही, तिकीट नाही, म्हणून तिथे मला जरा धीर आला. तिथली गोष्ट शेंबडं पोरही सांगतं: हा ओटा एका कंत्राटदाराच्या आत्म्याच्या बदल्यात सैतानानं एका रात्रीत बांधला, पण एक दगड बसवायचा राहिला, म्हणून कंत्राटदाराचा आत्मा वाचला. गोष्ट सांगून झाल्यावर पिएदादबाईंनी विचारलं, "मग तो न बसवलेला दगड कुठे आहे?" चौसष्ट वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "शोधा." सगळे शोधू लागले. चौदा ज्येष्ठ नागरिक खाली वाकून दगड मोजताहेत, मागे बँड जोरात चालला आहे, असं दृश्य दिसल्यावर क्विटोत गर्दी जमणार नाही तर कुठे जमणार? ज्याला त्याला वाटलं, काहीतरी हरवलं आहे. अर्ध्या चौकानं वाकून शोधायला सुरुवात केली. एका बाईला कानातलं सापडलं, त्यावरून दोघींचं भांडण लागलं. मग पोलीस अधिकारी आला.

"मोर्चा कुणाचा?" त्यानं विचारलं.

"मोर्चा नाही, सहल आहे," पिएदादबाई म्हणाल्या.

"मागण्या काय?"

"काही मागण्या नाहीत हो!"

"मागण्या नाहीत तर बँड कशाला?" त्यानं वही उघडली. "वीस माणसांच्या वर जमाव आणि वाद्यं असतील तर परवानगीचा नमुना भरावा लागतो. प्रमुख कोण? नाव सांगा आणि ओळखपत्र द्या."

सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. मी एक पाऊल मागे सरलो आणि वेलिंग्टनवर आपटलो, कारण तोही एक पाऊल मागे सरत होता. मग वेलिंग्टननं एकदम अधिकाऱ्याच्या खांद्यावर हात टाकला. बंदरातल्या माणसांना पोलिसांच्या खांद्यावर हात टाकता येतो, आम्हाला नाही.

"अहो कॅप्टनसाहेब, कसला मोर्चा? वरात आहे! या दोघांच्या लग्नाचा वाढदिवस. बघा बिचारी वहिनी कशी लाजली."

लिगिया लाजली नव्हती, तिचे पाय दुखत होते. पण अधिकाऱ्याचा चेहरा विरघळला. वरातीला नमुना लागत नाही. त्यानं टोपी काढून लिगियाचं अभिनंदन केलं, जमावानं टाळ्या वाजवल्या, फुलवालीनं एक गुच्छ तिच्या हातात कोंबला आणि कुणीतरी ओरडलं, "मुका घ्या!" मग सगळेच ओरडू लागले. मी सरकारी छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत. चारचौघांत बायकोचा हात धरायचीही माझी पद्धत नाही. पण पोलीस अधिकारी वही हातात धरूनच वाट बघत होता. मी मुका घेतला. तो लिगियाच्या टोपीला लागला, आणि टोपी खाली पडली.

"घरी चला, मग बघते," लिगिया दातांतून म्हणाली.

तिथून लोमा ग्रांदे दहा मिनिटांवर. आता जन्मघर टाळण्याचा एकच मार्ग होता. गल्लीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या कुठल्याशा दाराकडे बोट करायचं आणि म्हणायचं, ते बघा, आता तिथे परके लोक राहतात, उगाच त्रास नको. मी तसंच केलं. एका हिरव्या दाराकडे बोट केलं. पण वरातीची चाल म्हटल्यावर बँड पुढे झाला होता. तो थेट हिरव्या दारासमोर जाऊन थांबला, आणि दार उघडंच होतं.

आत येशूबाळांचं दुरुस्तीचं दुकान निघालं. नाताळ जवळ आला की घरोघरचे लाकडी येशूबाळ इथे येतात. कुणाचं बोट तुटलेलं, कुणाचं नाक उडालेलं. फळ्यांवर छोटे हात, छोटे पाय, काचेचे डोळे ओळीनं मांडलेले होते. मधे स्टुलावर पन्नाशीचा कारागीर बसला होता. हातात रंगाचा ब्रश होता. पिएदादबाई आत घुसल्या आणि म्हणाल्या, "हे आमचे तापियासाहेब! यांचा जन्म याच घरात झाला!"

कारागिरानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे. आमच्या शहरात दारात आलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची रीत नाही. उशीर झाला तर म्हणतात 'आलोच', माहीत नसलं तर म्हणतात 'इथंच तर आहे', आणि नाहीच जमणार असलं तर म्हणतात 'बघू या, देवाच्या मनात असलं तर'. कारागिरानं ब्रश पाण्यात ठेवला.

"हो ना," तो म्हणाला. "या ना साहेब. बसा. किती वर्षांनी!"

मी बसलो.

"नेमकं कुठे जन्मले?" येपेसनं विचारलं.

"तिथे. किटली आहे ना, तिथे पलंग होता," कारागीर म्हणाला.

"आणि बाल्कनी?" घर बैठं होतं. बाल्कनी जोडायला वरचा मजलाच नव्हता. कारागीर क्षणभर छताकडे बघत राहिला.

"भूकंपात गेली," तो म्हणाला, आणि कुठला भूकंप चालेल असं विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "हो, त्याच भूकंपात. वरच्या मजल्यासकट." पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी किटलीचा फोटो काढला. सुईण कोण होती असं विचारल्यावर कारागिराची स्वतःची आजी सुईण निघाली. तिचा हात फार हलका होता म्हणे. मी ऐकत होतो आणि हळूहळू मलाच तो पलंग दिसायला लागला होता. मग त्यानं अगदी मनापासून विचारलं, "आणि आईसाहेब? बऱ्या आहेत ना?"

"गेली," मी म्हणालो. "नऊ वर्षं झाली." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मात्र खरं होतं. कारागिरानं छातीवर क्रूस केला. त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं असं मला वाटलं. मूठ झाकलेली राहिली होती. दुपारचा एक वाजला होता. आता घरी जायचं आणि पुन्हा कधी तोंडातून घंटेचा शब्द काढायचा नाही, असं मी ठरवलं.

पण भल्या माणसाला भलेपणा कुठे थांबवायचा ते कळत नाही. तो म्हणाला, "साहेब, आलाच आहात तर कोपऱ्यावरच्या मठाच्या मनोऱ्यावर जा. माझा मावसभाऊ तिथे दारावर असतो. या आठवड्यात जन्मानं क्विटोच्या माणसांना फुकट सोडतात. तुम्ही तर सगळे इथलेच."

"सगळे!" पिएदादबाई म्हणाल्या, आणि बँडनं सलामी दिली.

मनोऱ्याच्या पायथ्याशी टेबल होतं, टेबलावर जाडजूड वही आणि वहीमागे मावसभाऊ. कारागीर जितका मोकळा तितका हा कोरडा. "ओळखपत्रं जमा करा. नाव आणि जन्मस्थान लिहावं लागतं."

वेलिंग्टननं माझी बाही ओढून मला खांबामागे नेलं. त्याच्या कपाळावर घाम होता. "तापिया, तुझं हरवलं म्हण. म्हणजे गोंधळ होईल आणि सगळेच परत जातील."

"मी का म्हणू? तुम्ही म्हणा."

"बरं, मी म्हणतो."

"पण तुम्ही का?" मी विचारलं. त्यानं मफलरनं घाम पुसला. माझं डोकं चालेनासं झालं. माझा वैरी मला सकाळपासून वाचवतो आहे, आणि मला वाचवताना त्यालाच घाम फुटतो आहे.

"वेलिंग्टनसाहेब!" पिएदादबाईंची शिट्टी वाजली. "बूट काढा. मोज्यात आहे ते, मला माहीत आहे. आणि तापियासाहेब, तुमचं?"

"त्यांचं माझ्याकडे आहे," लिगिया म्हणाली. मी तिच्याकडे बघून डोळे मोठे केले, हात जोडले. लिगिया सकाळपासून चालली होती, तिच्या टोपीवर चौकातला चिखल होता. "बास झालं आता," ती म्हणाली, आणि माझं ओळखपत्र टेबलावर ठेवून मोकळी झाली.

मावसभावानं गठ्ठा उचलला. त्याला लिहिताना मोठ्यानं वाचायची सवय होती.

"पिएदाद सालगादो. रियोबांबा."

पिएदादबाईंच्या तोंडातली शिट्टी खाली आली.

"येपेस. तुल्कान."

येपेस बुटाच्या लेसशी खेळू लागले. मग गुआरांदा आलं, मग आंबातो दोनदा, मग लोहा. एकेक नाव वाचलं जात होतं आणि एकेक मान खाली जात होती. माचाची तर त्या यादीत राजधानीच वाटली. मग त्यानं वाचलं, "तापिया. लाताकुंगा." मी डोळे मिटून घेतले. एकोणीस वर्षं ज्या हसण्याची वाट बघितली ते हसणं आलंच नाही. डोळे उघडले तर माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. जो तो आपापली फरशी बघत होता.

"आणि शेवटचं. आविलेस, वेलिंग्टन. क्विटो."

मावसभावानं बेरीज केली. "तेरा जणांना प्रत्येकी एक डॉलर. एक फुकट."

मग पिएदादबाई हसल्या. मुख्याध्यापिका हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. येपेस भिंत धरून हसू लागले. कुणीतरी ओरडलं, "वेलिंग्टन, क्विटोच्या पुत्रा, जिंदाबाद!" आणि प्रामाणिक बँडनं, दोनला अजून अवकाश होता म्हणून, शहराचं गाणं काढलं. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. एकोणीस वर्षांची थंडी, सूप आणि मासे एका दमात वसूल झाले.

वेलिंग्टन पायरीवर बसला होता. एका पायात बूट होता, दुसरा हातात. "वडील कस्टममध्ये होते," तो कुणाकडेही न बघता सांगत होता. "सहा महिन्यांसाठी इथे बदली झाली. बेचाळीस दिवसांचा असताना मला खाली ग्वायाकिलला घेऊन गेले. फक्त बेचाळीस दिवस. माझ्या मुलांनासुद्धा माहीत नाही. तिकडे कुणाला कळलं तर..." तो हातातल्या बुटाकडे बघत राहिला. ते बघून माझं हसू थांबलं. ती भीती मला ओळखीची होती. तिच्याबरोबर मी एकोणीस वर्षं नाश्ता केला आहे. मला त्याची दया आली, आणि इतकी वर्षं एकाच जिन्यात आम्ही दोघे एकेकटे चोरून राहिलो याचं वाईट वाटलं.

"मी वर जाणार नाही," तो म्हणाला.

"जावं लागेल," मावसभाऊ म्हणाला. "वहीत नाव चढलंय. फुकटवाल्यांची तुकडी आता निघेल."

"तुकडीत कोण कोण आहे?"

"तुम्ही."

मी एक डॉलर टेबलावर ठेवला. "मीही जातो," मी म्हणालो. वेलिंग्टननं बूट घातला आणि आम्ही निघालो. पायऱ्या एकशे चाळीस होत्या आणि अरुंद. दर वीस पायऱ्यांना आम्ही थांबत होतो, धापा टाकत होतो, आणि एकमेकांशी बोलत नव्हतो. वर पोचलो तेव्हा वारा होता. खाली सगळं शहर पसरलं होतं, कौलं, घुमट, गच्च्यांवरचे वाळत घातलेले कपडे, आणि पलीकडे डोंगर. वेलिंग्टन कठड्याला धरून उभा राहिला. मला वाटलं आता ग्वायाकिलच्या नदीचं कौतुक काढेल.

"तापिया," तो शेवटी म्हणाला, "सरकारी प्रसूतिगृह कुठलं रे यातलं?"

मला काय माहीत! मी लाताकुंगाचा. आमची मुलंही त्या बाजूला झाली नाहीत. उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे हेसुद्धा त्या पायऱ्यांनी माझ्या डोक्यातून काढून टाकलं होतं.

"ते बघ," मी बोट करून म्हणालो. "निळं छप्पर दिसतंय? दोन उंच झाडांच्या मधे."

"ते?"

"तेच."

त्यानं डोळे बारीक केले. "आई म्हणायची, फार थंडी होती. पण सकाळी उन्हाची एक तिरीप पलंगावर यायची."

"येणारच. पूर्वेची बाजू आहे."

तो तिकडे बघत राहिला. खाली आमच्या नावानं शिट्टी वाजत होती. त्याला ती ऐकू आली नाही, आणि मी ऐकली नाही असं केलं.

"खोली कुठली असेल?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा बोट केलं. "वरचा मजला. डावीकडून तिसरी खिडकी."